सासूबाईंना काजू कोण आणून देतं?

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून)

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून पन्नाशीच्या एका ताईंनी लिहिलंय. घराच्या परड्यात, विहिरीला लागून जुना वड आहे. दहा-बारा वर्षांपासून त्यावर शेदोनशे वटवाघळं लटकतात. शिवाय कौलारू घराच्या माळ्यावर पाकोळ्या, म्हणजे बारकी वाघळं, आहेत आणि रोज सकाळी पडवीत काळ्या लेंड्यांचा सडा पडतो. सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, वैशाखात बाळ घेऊन परत येईल. सासूबाईंचं म्हणणं, "लेकरू घरात यायच्या आत ती अवदसा झाडावरनं गेली पाहिजे." बेंगळुरूला नोकरी करणारा मुलगा निपाह विषाणूचे व्हिडिओ पाठवतो. दीर म्हणतात, यात्रेआधी वडच उतरवू, तोवर फटाके लावून वाघळं पळवू. बेळगावात कॉलेजला असलेली मुलगी म्हणते, हात लावाल तर बघा. पत्राच्या शेवटी ताई विचारतात, "मी मध्ये अडकले. हाकलावं की ठेवावं, एका शब्दात सांगा." जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की सासूबाई अठ्ठ्याहत्तरीच्या असल्या तरी अजून कामाच्या आहेत, या दिवसांत पहाटे उठून गोठ्यामागच्या फणसाखाली पडलेल्या काजूच्या बिया गोळा करतात.

उत्तर

ताई,

एका शब्दात सांगता आलं असतं तर हे सदर दोन ओळींत संपलं असतं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा वाघळांसाठी आणि एकदा माणसांसाठी. दुसऱ्या वाचनात त्या काजूच्या वाक्यावर अडखळले. फणसाखाली काजू? त्याकडे येतेच. आधी तुमचा प्रश्न थोडा उसवू या.

"हाकलावं की ठेवावं" असं तुम्ही विचारता, पण कुणाला? वडावरची आणि माळ्यावरची जनावरं तुम्ही एकाच पोत्यात भरली आहेत. दोघांचं आडनाव एक, पण खाणं, राहणं, उडणं, त्रास देणं सगळं वेगळं. गाय आणि मांजर दोघीही दूध पितात म्हणून दोघींना एकाच दाव्याला कुणी बांधत नाही.

वडावरचं ते मोठं फळं खाणारं वाघूळ. पंख पसरले की चार-पाच फूट, वजन किलोच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा एकदा रस्त्याकडेला तारेला चिकटून मेलेलं एक खाली पडलं होतं. पोरं लांबून दगड मारत होती. हातात दुहेरी प्लॅस्टिक पिशवी घालून आणि काडीनं मी त्याचा पंख उलगडून दाखवला आणि वर्ग गप्प झाला. कारण तो पंख नव्हताच, हात होता. खांदा, कोपर, मनगट आणि तिथून छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब चार बोटं, त्यांच्यामध्ये ओल्या चामड्यासारखी पातळ त्वचा. पाचवा अंगठा मोकळा, त्याला नख. तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, मानेवर तांबूस केसांची शाल, डोळे मोठे. ती मादी होती, काखेजवळ स्तन होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ही तर आई हाय." मला त्या दिवशी पुढचं काही शिकवायची गरज पडली नाही.

तर तुमच्या वडावर हे असं कुटुंब आहे. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि आपल्याकडे ते साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला चिकटून असतं, आई त्याला घेऊनच उडते. म्हणजे ज्या महिन्यांत तुमची सून माहेरी बाळंत होते आहे, त्याच महिन्यांत तुमच्या परड्यात शंभरेक बाळंतपणं चालू आहेत. फटाके लावले तर पहिली खाली पडतील ती पिल्लं, तीही विहिरीत आणि परड्यात. मुलगा ज्याची भीती घालतो, ते सगळं मग तुम्हालाच हातानं उचलावं लागेल.

या मोठ्या वाघळाला आंधळं म्हणणाऱ्यानं त्याचे डोळे बघितलेले नसतात. ते डोळ्यांनी बघून आणि नाकानं वास घेऊन फळ शोधतं, आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडण्याची विद्या त्याच्याकडे नाही. आणि हो, ते तोंडानं शौच करतं हेही खोटं. तुमच्या सासूबाईंनी हे तुम्हाला सांगितलं असणारच, माझ्या आजीनं मला सांगितलं होतं. ही समजूत कुठून आली असेल ते मात्र परड्यात उभं राहिलं की कळतं. वाघूळ फळ चावतं, रस गिळतं आणि उरलेला चोथा टाळूवर दाबून पिळून थुंकून देतं. सकाळी झाडाखाली त्या चोथ्याच्या चपट्या गोळ्या सापडतात. खालून बघणाऱ्याला तोंडातून काहीतरी घाण पडताना दिसते. खरं शौच करायचं असलं की ते चक्क सरळ होतं, अंगठ्यांच्या नखांनी फांदीला लोंबकळतं, काम उरकतं आणि पुन्हा उलटं होतं. अंगावर सांडू नये एवढी अक्कल त्यालाही आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाच मिनिटं बघत उभ्या राहिलात तर दिसेल.

उलटं लटकताना त्याला कष्ट पडत नाहीत. अंगाच्या वजनानं पायाची शीर ओढली जाते आणि नखं आपोआप आवळतात. आपल्याला मूठ धरून ठेवायला जोर लागतो, त्याला सोडायला लागतो. म्हणून कधीकधी मेलेलं वाघूळही लटकलेलंच राहतं.

आता माळ्यावरच्या पाकोळ्या. या बोटभर जनावरांचा आणि फळांचा काही संबंध नाही, त्या किडे खातात. अंधारात आपल्याला ऐकू न येणारा चिरका आवाज काढतात आणि किड्यावर आदळून आलेल्या प्रतिध्वनीवरून त्याचा ठावठिकाणा काढतात. इटलीच्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञानं १७९३-९४ च्या सुमारास डोळे बंद केलेली वाघळंही बिनचूक उडतात हे पाहिलं होतं, पण कसं ते उमगायला १९३८ साल उजाडलं. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डोनाल्ड ग्रिफिननं त्यांचा तो न ऐकू येणारा आवाज यंत्रावर पकडला. आपला कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, पाकोळ्या त्याच्या दुप्पट-अडीचपट वर बोलतात. किडा टप्प्यात आला की हाका सेकंदाला दोनशेच्या घरात जातात.

दिराच्या मुलाला एक खेळ दाखवा. तिन्हीसांजेला अंगणात उभं राहायचं आणि हरभऱ्याएवढा खडा सरळ वर फेकायचा. पाकोळी त्याच्यावर झेप घेते, हातभर अंतरावर तिला कळतं की हा किडा नाही, आणि ती वळते. आम्ही लहानपणी हे तासन् तास करायचो. केसांत पाकोळी अडकते म्हणून ज्या बायका डोक्यावर पदर घेतात, त्यांच्या डोक्यावर मच्छरांचा ढग घिरट्या घालत असतो आणि पाकोळी त्याच्यासाठी आलेली असते. हरभऱ्याएवढा खडा चुकवणारीला तुमचं डोकं दिसणार नाही?

एक पाकोळी रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त किडे सहज खाते, पिलाला दूध पाजणारी त्याहूनही जास्त. तुमच्याकडे भात आहे, म्हणून थायलंडचं सांगते. तिथं गुहेत राहणारी लाखो वाघळं भातावरचे तुडतुडे फस्त करतात असं अभ्यासात दिसलं. उलट बाजूही माहीत असावी. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीच्या रोगानं गुहांतली किडेखाऊ वाघळं झपाट्यानं मेली. तिथल्या एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञानं २०२४ मध्ये हिशोब मांडला की जिथं वाघळं गेली त्या भागांत शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्के वाढला आणि त्याच भागांत तान्ह्या बाळांचे मृत्यूही वाढले. बाळाच्या काळजीनं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि आता तो काजू.

तुमच्या गोठ्यामागे फणस आहे, काजूचं झाड नाही, असं पत्रावरून दिसतं. मग बिया तिथं येतात कशा? ताई, तुमच्या घरात तिसराही पाहुणा आहे आणि त्याची कुणी तक्रारच केलेली नाही. मुठीत मावेल एवढं, तपकिरी, आखूड नाकाचं छोटं फळखाऊ वाघूळ. ते रात्री काजूच्या बागेत जातं, बोंडासकट बी तोंडात धरून आणतं, फणसासारख्या दाट झाडात निवांत बसून बोंडाचा रस पितं आणि बी टाकून देतं. बी त्याच्या कामाची नाही. कोकणात आणि घाटावर लोक अशा झाडांखालच्या बिया वेचतात, विकतातही. या वाघळाचे नर अशोकाच्या किंवा ताडा-माडाच्या पानांचे देठ कुरतडून स्वतःसाठी आणि माद्यांसाठी तंबूही करतात. एखाद्या अशोकाच्या आत डोकं घालून बघा, पान खाली मुडपलेलं दिसलं तर तिथं कुणीतरी संसार थाटलाय.

म्हणजे ज्या अवदसेला सासूबाई रोज शिव्या घालतात, तिच्याच धाकट्या बहिणीनं वेचून आणलेला माल त्या रोज पहाटे सुपात भरून घरात आणतात. हे त्यांना सांगा, पण जिंकल्याच्या आवाजात नको. फणसाखाली त्यांच्याबरोबर बसा, बोंडाचा चावलेला चोथा दाखवा आणि विचारा, "आत्ती, हे इथं कुणी आणून टाकलं असेल हो?" म्हातारं माणूस स्वतः शोधून काढतं ते कधी विसरत नाही. बिया उचलताना मात्र हातमोजे किंवा प्लॅस्टिक पिशवी, आणि घरी आल्यावर साबणानं हात. भाजल्यावर बीचं काही भय नाही, पण उष्टं बोंड कुणी चाखायचं नाही.

वडाचंही तेच आहे. वड, उंबर, पिंपळ यांच्या बिया वाघळाच्या पोटातून अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर पडतात, तोवर ते काही मैल उडून गेलेलं असतं. पक्षी सहसा फांदीवर बसून घाण करतात, वाघूळ उडतानाही टाकतं. म्हणून मोकळ्या माळावर, जळलेल्या रानात, पडक्या भिंतीवर त्या बिया पोचतात. तुमचा तो वड कुणी लावलेला माहीत आहे का? घरात कुणालाच आठवत नसेल, तर तो कुणी पेरला याचा अंदाज मी करू शकते. सासूबाई दर वटपौर्णिमेला त्याला सूत गुंडाळत असतील. "वटवाघूळ" या नावातच तो वट आहे, हे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

थोडं विषयांतर होईल, पण तुमच्या तालुक्याबद्दल न सांगता पुढे गेले तर माझंच मन खाईल. तळेवाडीजवळ भीमगडच्या रानात बारापेडे नावाची गुहा आहे. १९१२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत तिथं एक मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं वाघूळ सापडलं. पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञानं त्याला रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात दुसरीकडे कुठंही ते सापडलं नव्हतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या परिशिष्टात जागा आहे आणि २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं तेव्हा ती गुहाही आत आली. बेळगावचा कुंदा जगाला माहीत आहे, हे वाघूळ बेळगावलाच माहीत नाही. (तिथं सहलीला जाऊ नका. गुहेत माणसं शिरली की वाघळं गुहा सोडतात.)

आता मुलाच्या व्हिडिओंकडे. त्याची भीती सगळीच खोटी नाही आणि तुमच्या मुलीनंही ती उडवून लावू नये. निपाहचा विषाणू याच मोठ्या फळखाऊ वाघळांत असतो. त्यांची लाळ आणि मूत्र यांतून तो बाहेर पडतो. केरळात २०१८ मध्ये कोळिक्कोड-मलप्पुरम भागात १७ जण दगावले, नंतरही तिथं रुग्ण सापडले. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांत त्याच्या खुणा मिळाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं. हे सगळं खरं. पण झाडावर वाघूळ आहे म्हणून घरातल्याला निपाह होत नाही. मधे काहीतरी घडावं लागतं: उष्टं फळ खाणं, वाघूळ हाताळणं, लाळ-मूत्र पडलेलं काहीतरी पोटात जाणं. बांगलादेशात तो बहुतेकदा खजुरीच्या कच्च्या रसातून आला, कारण रात्री मडक्याला वाघळं तोंड लावतात.

वाघळांच्या अंगात असले विषाणू असूनही ती आजारी का पडत नाहीत याचं शास्त्रज्ञांना अजून कोडं आहे, थोडं सुटलेलं आहे. उडताना त्यांचं अंग तापतं, शरीराची झीज होते, आणि त्याची सवय म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती आपल्यासारखी पिसाळत नाही, विषाणूला दाबून ठेवते आणि स्वतः शांत राहते. त्यांच्या लांबलेल्या आयुष्याचाही याच्याशी संबंध असावा. घरातला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. सायबेरियात खूण करून सोडलेलं सात ग्रॅमचं एक वाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं.

इथं दिरांच्या फटाक्यांचा मुद्दा येतो. ऑस्ट्रेलियात अशाच फळखाऊ वाघळांमध्ये हेंड्रा नावाचा, निपाहचा भाऊबंद विषाणू असतो. तिथं दिसून आलं की रान तुटलं, फुलोरा आटला आणि वाघळं उपाशीपोटी वस्तीजवळ विखुरली की घोड्यांना आणि माणसांना लागण होण्याचे प्रसंग वाढतात. घाबरलेलं, विस्कटलेलं, भुकेलं वाघूळ जास्त धोक्याचं असतं, आपल्या झाडावर झोपलेलं कमी. वड तोडलात तर शेदोनशे वाघळं हवेत विरघळणार नाहीत. शेजारच्या चिंचेवर जातील, शाळेच्या निलगिरीवर जातील, आणि मग भांडण गल्लीभर होईल.

शिवाय कायदाही बदलला आहे. पूर्वी फळखाऊ वाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, कुणीही मारली तरी चालायचं. २०२२ च्या दुरुस्तीनं, १ एप्रिल २०२३ पासून, ती यादीच रद्द झाली. दिरांना एवढं तरी माहीत असू दे. वड तोडायचाच झाला तर आधी वन खात्यात जाऊन परवानगीचं विचारावं लागेल, ग्रामपंचायतीच्या पीडीओंनाही (पंचायत विकास अधिकाऱ्यांनाही) विचारा.

पण दिरांबद्दल मला वेगळंच विचारायचंय. तुमच्या पत्रात ते तीनदा वड तोडायचं म्हणतात, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं आहे. एकदा वाघळं, एकदा विहिरीत पडणारा पाला, एकदा "ट्रॅक्टर लावायला जागा नाही". ताई, त्यांना वाघळं नको आहेत की वडाची जागा हवी आहे? परडं अजून सामाईक आहे का? वाटणीचा विषय घरात अर्धवट राहिलेला असला तर तो बोलायला अवघड असतो आणि वाघळांवर बोलणं सोपं असतं. मी चुकत असेन तर सोडून द्या. पण बरोबर असेन, तर ट्रॅक्टरच्या शेडचा प्रश्न वेगळा काढा, तुमच्या यजमानांना त्यांच्याशी चहावर बोलू दे. बायकांच्या भांडणात वाघूळ आणि भावांच्या भांडणात वड, अशी वाटणी होऊ देऊ नका.

सासूबाईंची गोष्ट निराळी. त्यांना पणतवंडाची काळजी आहे आणि त्या काळजीला बोलायला एकच शब्द मिळालाय, अवदसा. पाकोळी बाळावरून गेली की बाळ वाळतं, असं त्यांनी ऐकलेलं असेल. बाळ वाळतं ते जुलाबानं आणि दूध कमी पडण्यानं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्या: बाळाचा पाळणा माळ्याखालच्या खोलीत नाही, दुसऱ्या खोलीत टांगायचा, वर मच्छरदाणी लावायची, आणि हे सगळं बघायचं ते आत्तींनी. त्यांची काळजी कामी येईल आणि पाकोळी दृष्टीआड होईल.

आता घरातल्या उपायांचं. हे फक्त तुमच्यासाठी नाही, कणकुंबीपासून चंदगडपर्यंत कौलाखाली राहणाऱ्या कुणालाही लागू आहे.

माळा आज झाकू नका. आत्ता भोकं बुजवलीत तर आत पिल्लं अडकतील, मरतील आणि वास महिनाभर जाणार नाही. दिवसा माळ्यावर बारीक चिवचिव ऐकू येते तोवर थांबाच. सध्या फक्त लेंड्या पडतात त्या जागी खाली ताडपत्री किंवा जुनी सतरंजी बांधून घ्या. दिवाळीनंतर, भात घरात आलं की, दोन संध्याकाळी अंगणात बसून बघा पाकोळ्या नेमक्या कुठल्या फटीतून निघतात. बाकीच्या फटी बुजवा, त्या एकीवर वरच्या बाजूनं प्लॅस्टिकची जाळी पडद्यासारखी लोंबती ठोका, खाली वीतभर मोकळी. बाहेर पडणारी खालून निसटते, परतणारी वर फटीशी धडकते आणि आत जाऊ शकत नाही. चार-पाच रात्री गेल्या, आत कुणी उरलं नाही याची खात्री झाली, की मग ती फट बंद. धूर, डांबरगोळ्या, औषध फवारणी यातलं काही नको. आणि खरं सांगू, गोठ्याच्या आढ्याला एक फट राहू दिलीत तर जनावरांना मच्छर कमी चावतील.

लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं किंवा मास्क बांधा, मग खराट्यानं ओढा. कोरड्या धुळीतून फुप्फुसाची बुरशी होऊ शकते. सुनेला या कामाला अजिबात लावू नका, बाळंतिणीनं माळ्याखाली झाडायचं काहीच कारण नाही. गोळा झालेलं शेणखताच्या खड्ड्यात टाका, नत्र भरपूर असतं. मिरचीला टाकून बघा, पण कुजल्यावर.

आंब्याचं नुकसान खरं आहे, ते मी खोडून काढणार नाही. वाघूळ पिकलेल्या फळावर येतं. विकायचे आंबे पाडाला लागायच्या आधी उतरवले की निम्मा प्रश्न मिटतो. चिकू-पेरूला जाळी घालायची तर ताणून, बारीक भोकांची घाला. सैल जाळीत पंख अडकून जनावर मरतं, आणि मग ते सोडवायला तुम्हीच हात घालता. अर्धवट खाल्लेलं, नखाच्या खुणा असलेलं फळ जनावरालाही घालू नका, पुरून टाका.

घरात पाकोळी शिरली तर पहिलं काम पंखा बंद करणं. दरवर्षी किती पाकोळ्या पंख्यानं मरतात आणि मग घरभर किंचाळणं होतं. मग दिवे बंद, खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांनी खोलीबाहेर. दहा-पंधरा मिनिटांत ती जाते. जमिनीवर पडली असेल तर तिथून उडणं अनेकींना जड जातं, तिच्यावर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर उंच फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा. उघड्या हातानं धरायचं नाही, मेलेलं असलं तरी. कुणाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, रेबीजच्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. "लहानसंच तर चावलंय" असं कुणी म्हणू नका.

मुलाला फोन कराल तेव्हा त्याला व्हिडिओ पाठवू नकोस म्हणण्यापेक्षा जाळीचे पैसे पाठव म्हणा. मुलीला म्हणा, फक्त हात लावू नका म्हणून चालणार नाही, या रविवारी येऊन आईला लेंड्या उचलायला मदत कर, मास्क घेऊन. वाघळांची बाजू घेणाऱ्यानं त्यांची घाणही काढायला हवी.

अंगणावर आलेल्या वडाच्या एक-दोन फांद्या छाटायच्या असतील तर दिवाळीनंतर छाटा, पिल्लं मोठी झालेली असतात. वाळवणाची दोरी तोवर समोरच्या बाजूला हलवा.

या सगळ्याआधी विहीर. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख दोनदा केलात आणि दोन्ही वेळा पुढे सरकलात, पण माझ्या लेखी तुमच्या घरातली खरी अडचण तीच आहे. वडाखालची उघडी विहीर, तिचंच पाणी पिण्याला, आणि वर शेदोनशे जनावरं. यात्रेची वाट बघू नका. लोखंडी चौकटीवर पत्रा बसवा, रहाटापुरतं झाकण उघडं राहील असं. पहिल्यांदा विहीर उपसून घ्या, ग्रामपंचायतीतून ब्लिचिंग पावडर मागून टाका, आशाताईंना प्रमाण विचारा. छतावरच्या टाकीला झाकण आहे का तेही वर चढून बघून या. आणि बाळ आलं की पाणी उकळूनच, वडावर वाघळं असोत वा नसोत.